टर्कीचा टॅग एका आठवड्याचा, आभाळ मात्र रोज वेगळं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वसंतात टर्की या मोठ्या रानपाखराच्या शिकारीचे सहा आठवडे असतात, पण एका टॅगवर, म्हणजे शिकारीच्या परवानगीच्या चिठ्ठीवर, त्यातला एकच तुमच्या वाट्याला येतो. एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी पहिला आठवडा सुरू होतो आणि बुधवार ते मंगळवार असं करत सहावा मेअखेरीस संपतो. टॅगवर विभाग आणि आठवडा दोन्ही ठरलेले. सोडतीचा अर्ज १० डिसेंबरपर्यंत करायचा. म्हणजे दारातला बर्फ उपसता उपसता तुम्ही मे महिन्याचा मुहूर्त काढता, आणि त्या मुहूर्ताला पाऊस येणार की वादळ, हे सांगायला कुणी भटजी नसतो.

माझ्या पहिल्या वर्षी सातपैकी चार दिवस पाऊस होता. मी चारही दिवस घरात बसून भजी खाल्ली. ज्यांच्या रानात शिकारीची परवानगी मिळाली होती त्या शेतकरी आजोबांनी तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला, पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात, घरामागच्या गवताच्या शेतात टॉम, म्हणजे नर टर्की, मारला. मी फोन केला तेव्हा ते पिसं उपटत होते. म्हणून हा लेख हवामान कधी चांगलं असतं हे सांगायला नाही. मिळालेल्या हवामानात कुठं बसायचं आणि नराला बोलवायला मादीच्या आवाजात हाक कशी मारायची, त्याबद्दल आहे.

आधी कागदपत्रं, थोडक्यात

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी बंदूक फक्त पोलिसाच्या खांद्यावर पाहिलेली असते. इथं १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. अनुभवी शिकारी हाताच्या अंतरावर सोबत असेल तर कोर्स न करताही पहिला अनुभव घेता येतो. व्हिसावर असलेल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगण्यावर केंद्रीय कायद्याचे निर्बंध आहेत. शिकारीचा वैध परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. तरीही बंदुकीला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मित्राच्या मित्राला नव्हे. टर्कीला छऱ्यांची शॉटगन किंवा धनुष्यबाण चालतो, रायफल नाही. वसंतात फक्त नर, किंवा छातीवर दाढी, म्हणजे केसांसारख्या पिसांचा झुपका, असलेलं पाखरू मारता येतं.

आणि हे पाखरू इथं आहे हेच मुळात नवल आहे. विस्कॉन्सिनमधली शेवटची रानटी टर्की १८८१ मध्ये दिसल्याची नोंद आहे. १९७६ मध्ये मिसुरी राज्याला रफ्ड ग्राऊस नावाचे रानपक्षी देऊन त्या बदल्यात टर्की आणल्या आणि पहिल्या २९ व्हर्नन काउंटीत सोडल्या. १९८३ मध्ये शिकार सुरू झाली. आज जे पक्षी राज्यभर ओरडतात ते या अदलाबदलीतून वाढलेले आहेत.

पाखराचे कान आणि डोळे

नवीन माणूस विचारतो, "टर्कीला पाऊस आवडतो का? वारा आवडतो का?" प्रश्नच चुकला. टॉम कधी माजावर यायचा ते दिवसाच्या लांबीवर ठरतं. पाऊस पडला म्हणून तो मादीचा नाद सोडत नाही. हवामानानं बदलतात त्या दोनच गोष्टी: तो कुठं उभा राहतो आणि किती बोलतो. या दोन्हींचं मूळ एकच. टर्कीला वासाचं जवळजवळ काहीच कळत नाही. कोल्हा, कायोटी, माणूस, सगळ्यांपासून जीव वाचवायचा तो डोळ्यांनी आणि कानांनी. तेव्हा पहाटे गाडीतून उतरल्यावर स्वतःला एवढंच विचारा: आत्ता त्याला किती ऐकू येतंय आणि किती दिसतंय? पुढचं सगळं या प्रश्नातून निघतं.

(हरणाच्या शिकारीतून आलेले मित्र वाऱ्याच्या दिशेचा बाऊ करतील, आपला वास पोहोचेल म्हणून. टर्कीला त्याची गरज नाही. इथं वाऱ्याची दिशा पाहायची ती आवाजासाठी.)

पहिली पायरी: आदल्या संध्याकाळी

हवामानाच्या ॲपवर 'उद्या पावसाची शक्यता ६० टक्के' एवढं वाचून निर्णय घेऊ नका. तासातासाचा अंदाज उघडा आणि चार गोष्टी वहीत लिहा: सूर्योदय, पहाटे पाच ते अकरा दर तासाचा वारा, पाऊस कधी सुरू आणि कधी बंद, आणि विजा आहेत का. एप्रिलच्या मध्याला इकडं सूर्योदय सव्वासहाच्या आसपास असतो, मेच्या तिसऱ्या आठवड्यात साडेपाचला. आठवडा जितका उशिराचा, तितकी झोप कमी.

मग दिवस मावळताना रानाच्या कडेला जाऊन उभे राहा. टर्की रात्री झाडावर बसतात. अंधार पडता पडता घुबडाचा घुमल्यासारखा आवाज काढणारा कॉल वाजवला, की झाडावरचा टॉम दचकून 'गॉबल' करतो. हे त्याचं उत्तर नव्हे, अचानक मोठा आवाज झाला की त्याच्या तोंडून ते निघतंच. गाडीचं दार आपटलं तरी निघतं. झाड कळलं की गुपचूप घरी. वारा असेल तर संध्याकाळी हे जमत नाही. अशा वेळी डोंगराची वाऱ्याआडची बाजू गृहीत धरा, कारण झुलत्या फांदीपेक्षा निवाऱ्यातल्या झाडावर बसणं पक्ष्याला सोपं जातं.

निरभ्र, शांत, गार सकाळ

सगळे जिची वाट पाहतात ती ही सकाळ. रात्रभर आभाळ मोकळं असलं की जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, आणि अशा थरात आवाज वर निसटून न जाता जमिनीकडं वळतो. एप्रिलमध्ये झाडांना पानंही नसतात. दीड किलोमीटरवरचा गॉबल ऐकू येतो आणि तुमची चूकही तेवढ्याच लांबून ऐकू जाते. वाळका पाचोळा पायाखाली पापडासारखा मोडतो, म्हणून अशा दिवशी अर्धा तास जास्तच लवकर जा.

झाडापासून शंभर ते दीडशे मीटरवर, खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसा. त्याहून जवळ गेलात तर तो वरूनच पाहतो. तांबडं फुटायच्या वेळी, तो झाडावर असतानाच, मादीच्या झोपाळू आवाजातले दोन-तीन हलके 'यल्प' काढा. इतके हलके, की शेजारी बसलेल्यालाच ऐकू जावेत. त्यानं उत्तर दिलं की गप्प. खाली उतरल्यावर पाच-सात यल्पची एक सरळ ओळ, मध्ये एखादा 'क्लक'. पुन्हा गप्प.

नवशिक्याची शिकार बहुतेक वेळा इथंच फसते. टॉमनं उत्तर दिलं की आपल्याला चेव येतो आणि आपण बोलतच राहतो. पण टर्कीच्या जगात बहुतेकदा नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडं चालत जाते. तुम्ही जेवढ्या उत्साहानं बोलाल, तेवढा तो जागेवर पिसारा फुलवून वाट पाहील, 'येतेच आहे ही' म्हणून. गप्प राहिलात तर त्याला शोधायला यावं लागतं. आवाज काढून पाखरू जवळ आणणं आपल्या मुलखातही जुनं आहे. फासेपारध्यांच्या तितराच्या हाकेबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं असेल. या हाकेत थांबण्याला वाजवण्याइतकंच महत्त्व असतं.

सातला सगळं शांत झालं तर उठून घरी जाऊ नका. माद्या अंडी घालायला किंवा उबवायला घरट्याकडं गेल्या की साडेनऊ-दहाच्या सुमारास टॉम एकटा पडतो. तेव्हाचं एक साधं यल्प पहाटेच्या पन्नासांपेक्षा भारी ठरतं. मात्र तुमच्या राज्यात शिकारीची वेळ कधी संपते ते पाहून घ्या. काही राज्यांत ती दुपारीच संपते.

वारा

ॲपमधला आकडा डोंगराळ मुलखात फसवा असतो. झाडाकडं पाहा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलताहेत, म्हणजे ताशी ८ ते १२ मैल: नेहमीसारखी शिकार करा, हाक थोडी मोठी. लहान फांद्या हलताहेत, म्हणजे १३ ते १८: टॉमचं बोलणं कमी होईल आणि तो बोलला तरी तुम्हाला कळणार नाही. लहान झाडं मुळापासून डुलायला लागली, म्हणजे १९ ते २४: आता कानांवरची भिस्त सोडा.

अशा दिवशी जंगलात सगळंच हलत असतं आणि सगळंच वाजत असतं. टर्कीला त्यातून कायोटीची चाहूल वेगळी काढता येत नाही, म्हणून ती दोन ठिकाणी जाते: उघड्या शेतात, जिथं निदान दिसतं, किंवा वाऱ्याआडच्या घळीत, जिथं निदान ऐकू येतं. पश्चिम विस्कॉन्सिनमधला ड्रिफ्टलेस भाग हिमनद्यांच्या रेट्यातून सुटला म्हणून तिथं अजून डोंगरकडे आणि अरुंद दऱ्या शिल्लक आहेत. वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेकडच्या उतारांच्या खाली पाहा. कड्यावर उभं राहून हाक मारणं हे शांत दिवसाचं तंत्र आहे. वाऱ्यात ती हाक कुठल्या कुठं जाते.

क्रम असा: आधी दुर्बिणीनं शेतं पाहा. पाखरू दिसलं की आडोशानं, जमेल तितकं वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा, म्हणजे हाक वाऱ्याबरोबर त्याच्याकडं वाहत जाईल. लाकडी पेटीचा कॉल काढा, त्याचा आवाज सगळ्यांत चिरका आणि लांब जाणारा. दर दहा-पंधरा मिनिटांनी जोरात एक ओळ, दरवेळी तोंड थोडं वेगळ्या दिशेला. हाकेनंतर बंदूक गुडघ्यावर तयार ठेवा, कारण तो न बोलता येईल आणि पावलंही ऐकू येणार नाहीत.

डिकॉय, म्हणजे नराला भुलवायची खोटी टर्की, लावत असाल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना एकेक काडी रोवा. नाहीतर वाऱ्यानं प्लॅस्टिकची मादी भिंगरीसारखी गरगर फिरते आणि टॉम ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परततो. मी हे पाहिलेलं आहे. हसूही आवरत नव्हतं आणि रडूही.

पाऊस, आणि त्याहून महत्त्वाची उघडीप

झिमझिम पावसानं काही बिघडत नाही. टर्कीच्या पिसांवरून पाणी ओघळून जातं. बिघडतं ते रानात पानापानांतून टपटप सुरू झाली की. कान निकामी होतात, म्हणून पाखरं आखूड गवताच्या कुरणात किंवा नुकत्या नांगरलेल्या शेतात येऊन उभी राहतात, पाठी भिजवत, माना वर करून. अशा दिवशी जंगलाच्या पोटात बसून हाका मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेताच्या कडेला, सदाहरित झाडाखाली किंवा छोट्या तंबूसारख्या ब्लाइंडमध्ये बसा. हाक कमी, पण स्पष्ट. तंबूच्या कापडावर पाऊस वाजत असला की आपलाच आवाज आपल्याला बारीक वाटतो आणि माणूस नकळत जोर वाढवतो, तेवढं सांभाळा.

ओल्या पाचोळ्याचा एक फायदा: तुम्ही मांजरासारखे चालू शकता. तोटाही तोच, टॉमही तसाच येतो.

खरी वेळ उघडीप झाल्यावरची. रडारवर पावसाची कड पाहा आणि ती तुमच्यावरून सरकायच्या आधीच रानात पोहोचलेले असा. पाऊस थांबून ऊन पडलं की पाखरं उन्हाच्या तुकड्यात येतात, अंग झाडतात, पिसं चोचीनं नीट करतात, आणि तासन्‌तास गप्प असलेले टॉम एकमेकांवर ओरडायला लागतात. हा बहर कधी तासभर टिकतो, कधी वीस मिनिटंच. आजोबा भिजत न बसताही जिंकले कारण त्यांचं शेत दारातच होतं. आपण पस्तीस मैल लांब राहतो, आपल्याला गाडीत बसून वाट पाहावी लागते. थर्मास न्या.

शिवाय पाऊस पाटी पुसून देतो. थांबल्यानंतर चिखलात दिसणारं प्रत्येक पाऊल ताजं. जाड, लांब मधलं बोट आणि इंग्रजी जे अक्षरासारखी विष्ठा दिसली की तिथून नर गेलाय. दुसऱ्या दिवशी कुठं बसायचं याचं उत्तर बऱ्याचदा इथं मिळतं.

कॉलचं काय करायचं तेही इथंच सांगतो. लाकडी पेटी खडू लावून घासली की वाजते. ओली झाली की तिचा आवाज विहिरीच्या गंजक्या रहाटासारखा येतो. ती पावाच्या रिकाम्या पिशवीत ठेवा आणि पिशवीत हात घालूनच वाजवा. पाटीच्या दगडाचा कॉलही ओला चालत नाही. काचेचा किंवा ॲल्युमिनियमचा, त्यावर कार्बनची काडी, हे थेंबभर पाण्याला दाद देत नाहीत. तोंडात टाळूला लावायचा पडद्याचा कॉल सगळ्यांत बिनघोर, हातही मोकळे राहतात. पण तो शिकायला महिना लागतो आणि त्या महिन्यात घरचे तुमच्याशी बोलत नाहीत. फेब्रुवारीत सुरू करा, कामाला जाताना गाडीत.

विजा

गडगडाट झाला की टॉम हमखास ओरडतो, घुबडाच्या आवाजाला ओरडतो तसाच. मोह होतो. पण तुम्ही झाडाला टेकून बसलेले आहात. पहिल्या गडगडाटाला बंदूक रिकामी करून गाडी गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं आतच थांबा. कुठून ओरडला ते लक्षात ठेवा, तो कुठं पळून जात नाही.

धुकं

दऱ्यांमध्ये पहाटे दाट धुकं साचतं. दिसत नसताना खाली उतरणं धोक्याचं, म्हणून पाखरं झाडावरच उशिरापर्यंत बसून राहतात, कधी तासभर जास्त. तुमचं घड्याळही तेवढंच मागं करा. हलू नका, हलक्या हाका अधूनमधून. आणि धुक्यात काहीतरी काळं हललं म्हणून बंदूक उचलायची नाही, डोकं आणि दाढी स्वच्छ दिसेपर्यंत तर नाहीच. त्याच धुक्यात दुसराही शिकारी मादीचा आवाज काढत असू शकतो. लाल, पांढरा, निळा यांतला कुठलाही रंग अंगावर नको, अगदी मोज्यांचाही. टॉमच्या डोक्याचे तेच रंग आहेत. गॉबल ऐकून त्या दिशेनं रांगत जाणं कुठल्याच हवामानात करू नका. जागा बदलताना मात्र भगवी टोपी घाला.

एप्रिलचा बर्फ, मेचा उकाडा

पहिल्या आठवड्यांत बर्फ पडू शकतो. तेव्हा पाखरं अजून मोठ्या थव्यात असतात आणि टॉमभोवती खऱ्या माद्या असतात, तुमची खोटी कोण ऐकतो? दक्षिणेकडं तोंड असलेल्या उतारावर ऊन आधी पडतं, बर्फ आधी वितळतो, तिथं बसा आणि टॉमऐवजी मादीशी बोला: ती जसं बोलेल तसंच, किंचित जास्त चिडून. ती भांडायला आली की तो मागोमाग येतो.

मेच्या मध्यानंतर चित्र उलटतं. पालवी दाट होते, आवाज शोषून घेते. लांबचा वाटणारा गॉबल प्रत्यक्षात जवळ असतो, म्हणून उठून पुढं जायची घाई नको. ऊन तापलं की पाखरं चोच उघडी टाकून सावलीत, ओढ्याकाठी बसतात. अकरानंतर कुरणं सोडा, सावल्या धरा, हळू आवाजातले क्लक आणि 'पर्र' एवढंच पुरे. गोचिडांपासून सांभाळा, इथल्या गोचिडांमुळं लाइम रोग होतो. पर्मेथ्रिन आदल्या दिवशी कपड्यांवर फवारून वाळवायचं, अंगावर नाही.

हवेच्या दाबाबद्दलही तुम्ही खूप ऐकाल. जुने शिकारी भिंतीवरचा काटा पाहून, तीस इंचांच्या वर चढला की निघतात. माझं मत: दाब चढतो तेव्हा बहुधा वादळ सरून आभाळ मोकळं होतं आणि वारा पडतो, आणि पाखराला कळतो तो वारा पडलेला. काट्यावर पैसे खर्च करण्यापेक्षा खिडकीतून झाडाकडं पाहा.

पाखरू पडल्यावर

गोळी पस्तीस यार्डांच्या आत, मान आणि डोक्यावर. त्याआधी घरी कागदावर छरे कसे पसरतात ते तपासलेलं असावं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करा, फोनवर होते. एप्रिलच्या थंडीत पाखरू तासभर खांद्यावर मिरवलं तरी चालतं. मेमध्ये नाही. उकाड्यात तिथल्या तिथं पोट साफ करा, आत बर्फाची पिशवी घाला, मग फोटो. छातीचं मांस पातळ कापून तव्यावर होतं. तंगड्या मात्र फार चिवट, सगळं आयुष्य पाय चालवण्यात गेलेलं. वाटण लावून रात्रभर ठेवा आणि कुकरच्या शिट्ट्या कोंबडीच्या दुप्पट धरा. मी धरतो त्या आठ.